साल तीन

नऊ वाजून गेले तरी घरातून कसलाच आवाज येईना, म्हणून आत्यांना पायरीवरच संशय आला.

"काय गं, भांडण उरकलं की व्हायचंय?" चपला काढता काढता त्यांनी विचारलं.

"व्हायचंय," भाची म्हणाली. "तुझ्याचसाठी थांबलोय. ये, चहा गरम आहे."

धाकट्या भावाच्या या मुलीला घरात सगळे तागडी म्हणत. लहानपणी वाटणीला आलेला केकसुद्धा ती दोन्ही हातांवर तोलून घ्यायची. आता रसायनशास्त्र शिकून आल्यावर कारखान्यातल्या तिच्या कोपऱ्यात मिलिग्रॅमच्याही खाली मोजणारा काटा आला होता, आणि त्या काट्याजवळ शिंकायला घरातल्या कुणालाच परवानगी नव्हती.

आत्या आत आल्या. टेबलाच्या एका टोकाला थोरले भाऊ, दुसऱ्या टोकाला धाकटे. धाकट्यांच्या कपाखाली वाळूयंत्राचं रंगीत पत्रक चार घड्या होऊन पडलं होतं. आठ दिवसांपूर्वी ते पत्रक या टेबलावर आलं आणि तेव्हापासून घराचे दोन तट पडले. मधोमध लोखंडाची एक पट्टी होती, उंदरांनी कुरतडल्यासारखी.

"ही कालची," थोरले म्हणाले. "एक तास अ‍ॅसिडात होती."

"अगं बाई! दादा, हिचं तर हाडच दिसायला लागलंय."

"म्हणूनच म्हणतो," धाकट्यांनी पत्रक उलगडलं, "वाळूचा मारा करायचा, गंज उडवायचा, मोकळं व्हायचं. ना धूर, ना वास, ना खाल्ली गेलेली पट्टी."

"खरंच की," आत्या म्हणाल्या.

"आणि स्प्रिंगच्या वेटोळ्यात वाळू शिरणार कशी?" थोरल्यांनी विचारलं.

"हेही खरंच."

"आत्या, तू नक्की कुणाच्या बाजूची?" तागडीने विचारलं.

"ज्याच्यापुढे बिस्किटं असतील त्याच्या," आत्या म्हणाल्या आणि थोरल्यांशेजारी बसल्या.

घरामागच्या कारखान्यात तीन हौद होते. गंजलेलं लोखंड अ‍ॅसिडात बुडवायचं, गंज उतरला की काढून धुवायचं, आणि लखलखीत माल मुलामा द्यायला पाठवायचा. अडचण एकच होती. अ‍ॅसिडला गंज खाऊन झाल्यावर थांबायचं कळत नाही, ते पाठोपाठ लोखंडही खायला लागतं. त्यावर अण्णांचं, म्हणजे या तिघा भावंडांच्या वडिलांचं, एक औषध होतं. ते हौदात पडलं की लोखंड शाबूत राहायचं. औषध घालताना अण्णा सगळ्यांना बाहेर काढत. अकरा वर्षांपूर्वी ते गेले आणि औषधही त्यांच्याबरोबर गेलं. पुढे एका व्यापाऱ्याचं डबाबंद औषध वापरून निभावलं, पण गेल्या वर्षी त्याचं दुकान बंद झालं. तेव्हापासून माल बारीक होऊन परत जात होता. स्प्रिंगवाल्यांच्या दोन खेपांमधल्या स्प्रिंगा तर हातात मोडल्या.

ते स्प्रिंगवाले आज साडेअकराला येणार होते. तासभर अ‍ॅसिडात ठेवलेल्या पट्टीचं त्यांच्या डोळ्यांदेखत वजन व्हायचं. शंभर मिलिग्रॅमपेक्षा जास्त झीज निघाली तर त्यांचं काम दुसरीकडे जाणार.

"तसं झालं तर मी हौद रिकामे करतो," थोरले म्हणाले. "कायमचे. मग आण तुझं वाळूयंत्र."

धाकट्यांना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण त्यांची नजर मुलीकडे गेली. लांबच्या गावातल्या एका प्रयोगशाळेने तिला बोलावलं होतं. तिने अजून हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. हौद राहिले तर ती राहणार, नाहीतर सोमवारी निघणार. थोरल्यांना मूलबाळ नव्हतं. बुडबुड्यांच्या आवाजावरून हौदाचा मूड ओळखणारी त्यांच्यानंतर घरात ही एकटीच.

"काका, आज तरी अण्णाआजोबांची वही काढा," ती म्हणाली.

थोरल्यांनी कमरेची किल्ली काढली. कपाटातली ती वही अकरा वर्षांत त्यांच्याशिवाय कुणी हाताळली नव्हती. त्यांनी ती टेबलावर उघडली आणि पोथीतल्या ओळीसारखं एकेक वाचायला लागले.

"हौद एक, ऊन पाणी, सोडा दोन मापं. हौद दोन, साल तीन. हौद तीन, गार पाणी."

"साल तीन?"

"म्हणजे तीन वर्षं. म्हणून तर दर तीन वर्षांनी आपण दोन नंबरचा हौद उपसून त्याचं अस्तर बदलतो."

"तीनदा बदललं," धाकटे म्हणाले, "आणि तीनही वेळा माझी कंबर धरली."

"पण काका, बाकी ओळींत काय घालायचं तेच लिहिलंय. वर्षं कुठेच नाहीत."

"अण्णांचं अक्षर मला शिकवू नकोस."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात किटली खणकन आपटली.

*

दारात थोरली वहिनी उभी होती. थोरल्यांची बायको.

उठल्यापासून दुपारी बारापर्यंत तिचं मौन असे. बोलायचं नाही आणि लिहायचंही नाही. खुणांपुरती सूट होती, नाहीतर घर चालायचं कसं. सव्वीस वर्षं हा नेम चालला होता. तो का धरला हे विचारायचं धाडस फक्त आत्यांनी एकदा केलं होतं, तेही सकाळी दहा वाजता.

साल तीन. वहिनीच्या कानात ते दोन शब्द फिरत राहिले.

ती या घरात नवी होती तेव्हाची गोष्ट. अण्णा पोतंभर संत्री घेऊन आले आणि म्हणाले, "सूनबाई, फळं सगळ्यांना वाट. साली मला." ती साली उन्हात वाळवायची, खलबत्त्यात कुटायची, डब्यात भरायची. दर सोमवारी तीन मुठी पुरचुंडीत बांधून द्यायची. मग अण्णा बादलीभर कढत पाणी मागायचे आणि कारखान्याचं दार आतून लावून घ्यायचे. अ‍ॅसिडच्या उग्र वासावर उतारा म्हणून नेत असतील, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. "डबा कधी रिकामा पडू देऊ नकोस," ते म्हणाले होते, "आणि हे आपल्या दोघांतच राहू दे." तिने ते तसंच राहू दिलं. वही कधी तिच्यासमोर उघडली नाही, आणि तिला कधी कुणी काही विचारलं नाही.

तिने घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजून वीस मिनिटं.

एक शब्द बोलायचा होता. देव काही घड्याळ लावून बसलेला नाही, हे तिला ठाऊक होतं. पण मौनाचा शब्द देवाने मागितलेला नव्हता, तिने आपणहून दिला होता. आपणहून दिलेलं परत घेताना माणसाला जास्त जड जातं.

तिने टोपलीतलं एक संत्रं उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं धरून सोलायला लागली.

"वा! वहिनी, अगदी वेळेवर," धाकटे म्हणाले. सोललेलं फळ त्यांनी तिच्या हातातून अलगद काढून घेतलं आणि दोन फोडी तोंडात टाकल्या. "गोड आहे. दादा, घे."

वहिनीने कपाळाला हात लावला. मग हातातली साल उचलून वहीच्या उघड्या पानावर ठेवली, बरोब्बर त्या ओळीवर.

"अगं, वहीला डाग पडेल!" आत्या ओरडल्या.

"ती म्हणतेय, फळ खा आणि शांत व्हा," थोरल्यांनी अर्थ लावला. बत्तीस वर्षांच्या संसारामुळे बायकोच्या खुणा आपल्याला कळतात, असा त्यांचा समज होता.

वहिनीने जोरजोरात मान हलवली. साल उचलली, पुन्हा ओळीवर ठेवली, आणि तीन बोटं वर केली.

"तीन फळं हवीत?" धाकटे म्हणाले. "मला चालतील."

तागडी मात्र खुर्चीतून अर्धवट उठली होती. तिने एकदा सालीकडे पाहिलं, एकदा पानाकडे.

"काकू... ही साल?"

वहिनीने डोळे मिटून मान डोलावली.

"वर्ष नाही! काका, साल! संत्र्याची साल!"

मग धाकट्यांनी कमरेवर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे तीनदा अस्तर बदललं ते कशासाठी?"

*

कोठीतल्या वरच्या फळीवर चार डबे निघाले, गळ्यापर्यंत भरलेले. अकरा वर्षांत पुरे असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून वहिनी दर हिवाळ्यात साली वाळवत राहिली होती.

"मला वाटायचं मुंग्यांसाठी आहे," आत्या म्हणाल्या. "दोनदा मी मागूनसुद्धा नेलंय."

"मुंग्या गेल्या?"

"नाही. पण कपाटाच्या बिजागऱ्या बघ, अजून नव्या आहेत."

तागडीने चिमूटभर चुरा हातावर घेऊन हुंगला. तिचे गाल लाल झाले होते. "पुस्तकात वाचलंय मी हे! सालीत, पानांत, बियांत अशी संयुगं असतात. आणि मी इथे बसून परदेशी भुकट्यांची यादी करत होते."

"पण सालीने लोखंड वाचतं कसं?" धाकट्यांनी विचारलं. "अ‍ॅसिड काय संत्र्याला घाबरतं?"

"बाबा, बसमध्ये चढायच्या आधीच लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात की नाही? तसंच. गंज उतरून लोखंड उघडं पडलं, की सालीतले रेणू आधी जाऊन तिथे रुमाल टाकतात. मागून अ‍ॅसिड येतं, तर बसायला जागाच नाही."

"आणि गंजावर नाही टाकत?"

"गंज सुटून जातो, त्याच्यावर रुमाल टिकत नाही. शिवाय तुम्ही स्टँडवर उभ्या बसमध्ये रुमाल टाकता, भंगारातल्या बसमध्ये टाकता का?"

धाकटे हसले. मग आपण विरुद्ध पक्षातले आहोत हे आठवून गंभीर झाले.

"हौदाला तीन डबे," थोरले म्हणाले. "माप उघड आहे."

वहिनीने मान हलवली. नाही.

"मग तीन किलो."

नाही. तिने डब्यात हात घातला, मूठ भरली, कागदावर रिकामी केली. आणखी एक. आणखी एक. मग कोपऱ्यातल्या बादलीकडे आणि शेगडीकडे बोट दाखवलं.

"तीन मुठी? तुला काय माहीत?" थोरल्यांचा आवाज चढला. "हौदाशी मी उभा राहिलो अण्णांजवळ, सतराव्या वर्षापासून. माप असतं तर मला सांगितलं असतं."

वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं. नजरेत हट्ट नव्हता, पण मूठ अजून मिटलेलीच होती.

थोरले अंगणात निघून गेले.

*

तागडीला थांबायला वेळ नव्हता. पावणेदहा झाले होते. तिने तीन मुठी चुरा बादलीभर पाण्यात उकळला आणि फडक्यातून गाळला. काढा निघाला चहासारखा. चष्मा, हातमोजे चढवून तिने दोन नंबरच्या हौदातलं अ‍ॅसिड दोन काचपात्रांत घेतलं, आणि एकातच मापाने काढा घातला.

मग ती घाईघाईने पट्ट्या घासायला लागली.

"दे इकडे," धाकटे मागून म्हणाले. "अशी घासतात का? कड तशीच राहिली."

"बाबा, तुम्ही तर वाळूयंत्राच्या बाजूचे."

"आहेच. पण हरायचंच असेल तर घासलेल्या पट्टीने हर." ते स्टुलावर बसले आणि पॉलिश कागदाने एकेक कड साफ करायला लागले. बऱ्याच वेळाने मान खाली घालूनच म्हणाले, "त्या प्रयोगशाळेत म्हणे माणसाला स्वतःचं टेबल देतात."

"देतात."

"खिडकीजवळ?"

"ते नाही विचारलं."

"विचारून ठेवावं." त्यांनी पट्टी उजेडात धरली. "इथे खिडकी आहे. काच मी बसवून देईन."

तागडीने बापाकडे पाहिलं. ते पट्टीवरच्या नसलेल्या डागावर फुंकर घालत होते.

वजन टिपून घेऊन दहा वाजून पस्तीस मिनिटांनी दोन्ही पट्ट्या पात्रांत उतरल्या. पात्रांखाली पाणी साठ अंशांवर स्थिर होतं. साध्या अ‍ॅसिडातली पट्टी लगेच फसफसायला लागली. काढा घातलेल्या पात्रात एक बुडबुडा आला. बराच वेळ गेला. मग दुसरा आला, तोही आल्यासारखा करून परत फिरला.

*

थोरले अंगणातल्या कठड्यावर बसले होते. शेजारी येऊन आत्या बसल्या. त्यांच्या हातात बिस्किटं नव्हती, यावरूनच त्यांना काही खरं बोलायचंय हे थोरल्यांनी ओळखलं.

"सुनेला सांगितलं," ते म्हणाले. "मला नाही. माझे हात भाजले त्या हौदात. मुलगा होतो मी त्यांचा."

"दादा, राग येणार नसेल तर बोलते."

"येणार. पण बोल."

"तुझ्या पोटात काही राहतं का?"

थोरले कठड्यावरचं शेवाळ नखाने खरवडायला लागले.

"पहिल्या हौदाचं सोड्याचं माप अण्णांनी तुला सांगितलं, आणि तू ते समोरच्या मुलामावाल्याला अर्ध्या कप चहात सांगून मोकळा झालास."

"एकोणीस वर्षांचा होतो मी तेव्हा!"

"आणि माझं वजन परवा दूधवाल्याला कुणी सांगितलं? तेव्हाही एकोणीसचाच होतास?"

थोरल्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"वहिनीलासुद्धा त्यांनी काय सांगितलं? फक्त साली वाळव म्हणाले," आत्या म्हणाल्या. "आपण काय सांभाळतोय हे त्या बिचारीलाही माहीत नव्हतं. अर्धं वहीत, अर्धं तिच्या मुठीत. वही तुझ्याकडेच दिली ना त्यांनी? ती उघडून बायकोला एकदा वाचून दाखवायला तुला अकरा वर्षं लागली, त्याला अण्णा काय करणार?"

थोरले थोडा वेळ गुडघे चोळत बसले. मग उठले. कारखान्यात जाण्याआधी ते स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. वहिनी भाजी निवडत होती.

"तीन मुठी," ते म्हणाले, "तुझ्या की अण्णांच्या? त्यांचा हात मोठा होता."

वहिनीने स्वतःचा तळवा पुढे केला. थोरल्यांनी तो क्षणभर निरखून पाहिला, जसं एखादं माप पाहावं.

"बरं झालं विचारलं," ते म्हणाले, आणि पात्रांपाशी जाऊन उभे राहिले. दोन्हींतले बुडबुडे त्यांनी कान देऊन ऐकले. एकात कढईचा आवाज होता, दुसऱ्यात झोपलेल्या माणसाचा.

*

साडेअकराला स्प्रिंगवाले आले. बुटका, चपळ माणूस. बसला की पुन्हा उसळून उठायचा.

"हे गढूळ काय?" त्यांनी काढ्याच्या पात्राकडे पाहून नाक मुरडलं.

"औषध," तागडी म्हणाली. "आणि आता जरा मागे व्हा. काट्याला श्वाससुद्धा लागतो."

पाच मिनिटांनी तास भरला. तिने पट्ट्या बाहेर काढल्या, धुतल्या, वाळवल्या. साधी पट्टी काट्यावर ठेवली. आकडे नाचून थांबले. तिने वजाबाकी केली.

"चारशे बारा मिलिग्रॅम झीज."

"हे तर मला माहीतच आहे," स्प्रिंगवाले म्हणाले. "माझ्या स्प्रिंगांना विचारा."

दुसरी पट्टी. दारात येऊन उभ्या राहिलेल्या वहिनीसकट कुणी हललं नाही. धाकट्यांनी तर श्वासच धरला होता, इतका की आत्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला. आकडा थांबला. तागडीने वजाबाकी केली. पुन्हा केली. मग कागद काकांच्या हातात दिला, कारण तिला वाचून दाखवता येईना.

"सत्तेचाळीस," थोरले म्हणाले.

स्प्रिंगवाल्यांनी कागद ओढून घेतला, पट्टी उजेडात धरली, नखाने कड तपासली. मग खिशातून एक गंजकी स्प्रिंग काढून पात्रात सोडली. गंज उतरेपर्यंत वाट पाहिली, धुऊन दोन्ही हातांनी ताणली, दाबली, पुन्हा ताणली. ती मोडली नाही. कुरकुरलीसुद्धा नाही.

"माल उद्यापासून पाठवतो," ते म्हणाले. "सगळा. आधीच्यासारखा."

धाकट्यांनी वाळूयंत्राचं पत्रक खिशातून काढलं आणि ओलं स्टूल पुसायला घेतलं.

"पण एक सांगा," स्प्रिंगवाले थोरल्यांजवळ सरकले, "आम्ही काय परके आहोत? यात घालता तरी काय?"

आत्यांना जोराचा खोकला आला. तागडीने काकांकडे पाहून डोळे वटारले. धाकट्यांनी टेबलाखालून पायावर पाय दिला. तो स्प्रिंगवाल्यांचा निघाला.

थोरल्यांनी ओठ घट्ट मिटले. मान फिरवली. खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या गळ्याची घाटी एकदा वर गेली, एकदा खाली आली. आणि मग सगळं एका दमात बाहेर पडलं.

"संत्र्याची साल! वाळवलेली. तीन मुठी, बादलीभर कढत पाण्याला. मुठी आमच्या हिच्या हाताच्या."

तीसेक वर्षं जपलेलं गुपित कारखान्याच्या ओल्या फरशीवर पडलं होतं.

स्प्रिंगवाल्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. खुर्चीचा हात धरून ते हसत सुटले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"संत्र्याची साल! बायकोच्या मुठीने! अहो, सांगायचं नसेल तर सरळ नाही म्हणा की. मी काय लहान मूल आहे?"

"अहो, खरंच सांगतोय!"

"पुरे, पुरे. पटलं. धंद्याचं गुपित असतं ज्याचं त्याचं, मी विचारायलाच नको होतं." दारापर्यंत जाऊन ते परत वळले. "आणि हे दुसऱ्या कुणाला सांगू नका हं, हसतील लोक."

फाटकापर्यंत त्यांचं हसणं ऐकू येत होतं. ते थांबलं तेव्हा थोरले तिथेच उभे होते, तोंड थोडं उघडंच. मग त्यांनी कमरेची किल्ली सोडवली, पुतणीच्या ओल्या हातात ठेवली, आणि बायकोकडे वळले.

"अण्णा उगीच घाबरत होते," ते म्हणाले.